पाठीवर बिऱ्हाड घेतलेली शाळा

बोर्डिंग स्कूल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवीगार मैदानं, टाय-ब्लेझर आणि आईबाबांना घाम फोडणारी फी! पण सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका बोर्डिंगमध्ये ॲडमिशन घेणं हाच गुन्हा होता. दोनशे वर्षांत चार ठिकाणं आणि तीनदा हकालपट्टी... तरीही तिची घंटा वाजत राहिली!

उत्तर फ्रान्समध्ये कॅले बंदरापासून चाळीसेक किलोमीटरवर सेंट-ओमर नावाचं छोटंसं शहर आहे. २०१४ साली तिथल्या ग्रंथालयात एका प्रदर्शनाची तयारी चालू होती. विषय होता, या भागाचे इंग्लंडशी असलेले जुने संबंध. ग्रंथपालांनी त्यासाठी एक जाडजूड पुस्तक बाहेर काढलं. सुरुवातीची पानं गायब असल्यामुळे त्या बिचाऱ्याची नोंद अठराव्या शतकातली एक साधी आवृत्ती अशी झाली होती. ग्रंथपालांना शंका आली. तज्ज्ञ आले, त्यांनी पानं उलटली आणि... चक्क शेक्सपिअरचा ‘फर्स्ट फोलिओ’! म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ साली छापलेली पहिली एकत्रित आवृत्ती. किंमत विचारताय? याच आवृत्तीची दुसरी एक प्रत २०२० साली न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास एक कोटी डॉलरला गेली!

पण इंग्लंडमधलं हे पुस्तक फ्रान्सच्या या आडगावात करत काय होतं? उत्तर पुस्तकातच होतं. शिल्लक असलेल्या पहिल्या पानावर कुणीतरी नाव लिहिलंय, ‘नेव्हिल’. ‘हेन्री द फोर्थ’ नाटकाच्या पानांवर पेनानं दुरुस्त्या केल्यात. खानावळवालीचा केलाय खानावळवाला आणि पोरीचा केलाय पोरगा. नाटक बसवणाऱ्याला स्त्री-भूमिका नको असाव्यात, कारण त्याची सगळी नटमंडळी मुलगेच! अभ्यासकांचा अंदाज असा की हे पुस्तक या शहरातल्या इंग्लिश जेझुइट शाळेचं असावं.

इंग्लिश मुलांची शाळा आणि फ्रान्समध्ये? इथूनच खरी स्टोरी सुरू होते.

शंभर पौंड दंड!

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथ पहिलीचं राज्य होतं. देशाचं अधिकृत चर्च प्रोटेस्टंट. जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहिलेल्यांचे हाल विचारू नका. सरकारी चर्चमध्ये गेलं नाही की दंड, आणि स्वतःची शाळा काढायची तर सोयच नाही. मग पैसेवाल्या कॅथलिक घरांनी काय केलं? आजचे आईबाप जे करतात तेच. मुलांना शिकायला परदेशी पाठवायला सुरुवात केली!

सरकारनं तीही वाट अडवली. १५८५ च्या कायद्यानं परवानगीशिवाय मुलाला समुद्रापार पाठवणाऱ्याला शंभर पौंड दंड ठरला. त्या काळी कुशल कारागिराला एवढे पैसे कमवायला कित्येक वर्षं लागायची. आपण व्हिसाच्या रांगेत उभे राहून वैतागतो. या मुलांना मात्र खोटं नाव घेऊन, रातोरात, मिळेल त्या बोटीनं जावं लागायचं.

त्यांच्यासाठी शाळा काढली ती रॉबर्ट पर्सन्स यांनी. ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा हा हुशार माणूस पुढे जेझुइट झाला. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लॉयोला यांनी स्थापन केलेल्या आणि १५४० साली पोपची मान्यता मिळालेल्या संघाचे धर्मगुरू. ज्यांच्या नावानं मुंबईत झेवियर्स कॉलेज आहे, ते फ्रान्सिस झेवियर याच संघाच्या पहिल्या फळीतले. १५८० साली पर्सन्स वेषांतर करून इंग्लंडमध्ये शिरले. त्यांच्याच मोहिमेतला दुसरा जेझुइट होता एडमंड कॅम्पियन. होय, कूपरेजचं कॅम्पियन स्कूल ज्याच्या नावाचं आहे तोच! कॅम्पियन पकडला गेला आणि १५८१ च्या डिसेंबरमध्ये त्याला फाशी झाली. पर्सन्स निसटले, ते पुन्हा मायदेशी परतलेच नाहीत.

१५९३ साली त्यांनी सेंट-ओमरमध्ये शाळा सुरू केली. हे शहर तेव्हा फ्रान्सकडे नव्हतं, स्पेनच्या राजाच्या ताब्यात होतं. इंग्लंडहून बोटीनं कॅलेला उतरलं की जवळच. खर्चाला मदत मिळाली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडून. हा तोच राजा, ज्यानं पाचच वर्षांपूर्वी इंग्लंडवर आरमार धाडलं होतं. आता सांगा, शत्रूच्या पैशावर चालणाऱ्या शाळेकडे लंडन कुठल्या नजरेनं बघणार? आईबापांना मुलगा शिकायला हवा होता, सरकारला मात्र त्यात उद्याचा फितूर दिसत होता. या कात्रीत सापडली ती बारा-चौदा वर्षांची पोरं.

थोडं मराठी कनेक्शन

मायदेशात जागा नसलेल्या या पिढीतला एक इंग्लिश तरुण तर थेट आपल्या दारात येऊन पोहोचला. थॉमस स्टीफन्स. सेंट-ओमरची शाळा निघायच्या आधीच त्यानं इंग्लंड सोडलं, रोममध्ये तो जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. उरलेली चाळीस वर्षं तिथेच! त्यानं मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठीला फुलांमधल्या मोगऱ्याची उपमा देणारे फादर स्टीफन्स ते हेच. इंग्लंडचं नुकसान, आपला फायदा!

लॅटिनमध्ये बोल!

परत सेंट-ओमरला येऊ. शाळा सुरू झाली मूठभर मुलांवर आणि काही वर्षांतच आकडा शंभरावर गेला. १५९९ साली जेझुइटांनी जगभरातल्या आपल्या शाळांसाठी एकच शिक्षण-आराखडा पक्का केला. इथलीही शिकवणी त्याच पद्धतीची. इयत्तांना पहिली-दुसरी असे आकडे नव्हते. रुडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री आणि शेवटी रेटरिक, म्हणजे वक्तृत्व. भाषा लॅटिन आणि ग्रीक. नुसती घोकंपट्टी चालायची नाही. लिहायचं, वाद घालायचा, लोकांसमोर उभं राहून बोलायचं. आज कंपन्या ज्याच्यासाठी ‘प्रेझेंटेशन स्किल्स’चे वर्कशॉप घेतात ना, अगदी तेच!

म्हणूनच नाटकांना भलतं महत्त्व. जोसेफ सायमन्स नावाच्या शिक्षकानं १६२०च्या दशकात इथे लॅटिन शोकांतिका लिहून मुलांकडून करून घेतल्या. या सायमन्सचं खरं नाव इमॅन्युएल लॉब. शिक्षकांचीही नावं टोपणच! घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून इथे आलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या नावानं वावरायचा. फोलिओवरचा ‘नेव्हिल’ही असाच कुणीतरी टोपणनावाचा असावा, असं अभ्यासकांना वाटतं. १६०८ साली शाळेनं स्वतःचा छापखाना काढला. तिथली इंग्रजी पुस्तकं मग चोरवाटेनं इंग्लंडात जायची.

सुट्टीत घरी जायचा मात्र प्रश्नच नव्हता. एकदा आलं की वर्षानुवर्षं आईचं तोंड दिसायचं नाही. काही जण शिकून पुढे धर्मगुरू झाले आणि गुपचूप मायदेशी गेले. त्याची शिक्षा मृत्युदंड. अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी एक होता थॉमस गार्नेट. जेमतेम तिशी ओलांडलेली असताना १६०८ साली लंडनच्या टायबर्नला त्याला फाशी दिलं गेलं. शाळेच्या यादीतलं ते पहिलं नाव. पुढे आणखी बरीच आली.

वर्गातला खोटारडा

१६७७ च्या डिसेंबरमध्ये शाळेत एक विचित्र ॲडमिशन झाली. नवा विद्यार्थी अठ्ठावीस वर्षांचा! नाव सांगितलं सॅम्सन ल्युसी. खरं नाव टायटस ओट्स. पोरासोरांमध्ये हा बाप्या बसायचा, म्हणून जेवायला त्याचं टेबलच वेगळं. वागणं असं की सहा महिन्यांत शाळेनं त्याला हाकललं.

ओट्स लंडनला गेला आणि त्यानं बॉम्बच टाकला. म्हणे, २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात जेझुइटांनी राजा दुसरा चार्ल्स याच्या खुनाचा कट रचला आणि आपण तिथे हजर होतो! कपोलकल्पित कथा, पण लंडन हादरलं. धरपकड सुरू झाली.

गंमत बघा. त्या दिवशी ओट्स कुठे होता हे कुणाला पक्कं माहीत होतं? सेंट-ओमरच्या मुलांना! वेगळ्या टेबलावर जेवणारा माणूस विसरतो कोण? जून १६७९ मध्ये पाच जेझुइटांवर खटला उभा राहिला, तेव्हा ही मुलं पकडले जाण्याचा धोका पत्करून लंडनला आली. ओट्स त्या दिवशी शाळेतच होता, अशी साक्ष त्यांनी एकामागून एक दिली. कोर्टानं ती उडवून लावली. जेझुइटांनी शिकवलेली पोरं, गुरूसाठी खोटंच बोलणार! २० जूनला पाचही जण फासावर गेले.

सहा वर्षांनी राजा बदलला होता आणि नवा राजा स्वतः कॅथलिक होता. १६८५ साली ओट्सवर खोट्या साक्षीचा खटला झाला. पुन्हा सेंट-ओमरचे साक्षीदार उभे राहिले आणि जुनीच हकिकत सांगितली. या वेळी कोर्टाला ती पटली. ओट्सला चाबकाचे फटके आणि जन्मठेप झाली. पण गेलेले पाच जण काही परत येणार नव्हते.

फिरायला म्हणून निघाले...

मधल्या काळात सेंट-ओमर फ्रान्सकडे आलं होतं. १७६२ साली पॅरिसच्या न्यायपीठानं जेझुइटांच्या शाळा बंद करायचा हुकूम काढला. शिक्षकांनी ठरवलं, इमारत जाऊ दे, पोरं सोडायची नाहीत. ऑगस्टमध्ये मुलं गटागटानं नेहमीसारखी फिरायला म्हणून बाहेर पडली, ती परतलीच नाहीत! सरहद्द ओलांडून साधारण शंभर किलोमीटरवरच्या ब्रूज शहरात त्यांची शाळा पुन्हा सुरू झाली. पुस्तकं, सामान, सगळं मागे राहिलं.

अकरा वर्षं बरी गेली. मग १७७३ मध्ये खुद्द पोपनंच जेझुइट संघ बरखास्त केला! ज्यांच्यासाठी फाशी पत्करली, त्यांनीच दार लावलं. ऑक्टोबरमध्ये ब्रूजची शाळा सरकारनं बंद केली. शिक्षक आता जेझुइट राहिले नव्हते, तरीही शिक्षक होतेच. त्यांनी लिएजला बस्तान हलवलं आणि ‘अकॅडमी’ या नव्या पाटीखाली जुनंच काम सुरू केलं.

ब्रूज बंद होताना तिथे हजर असलेला एक माजी विद्यार्थी पुढच्या वर्षी अमेरिकेला, आपल्या घरी परतला. जॉन कॅरल. मेरीलँडमध्येही कॅथलिक शाळांना बंदी, म्हणून तिथली श्रीमंत घरंसुद्धा मुलांना सेंट-ओमरला धाडायची. हाच जॉन कॅरल अमेरिकेचा पहिला कॅथलिक बिशप झाला आणि १७८९ साली त्यानं जॉर्जटाउनची स्थापना केली. आज आपली मुलं एमबीएला जातात ना, तेच जॉर्जटाउन! त्याचा चुलतभाऊ आणि शाळासोबती चार्ल्स कॅरल यानं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. धर्मामुळे झालेला अन्याय त्याला पुरता ठाऊक होता. तरी तो स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, हेही सांगायला हवं.

अखेर घरी

१७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा लिएजच्या दिशेनं निघाल्या. तिसऱ्यांदा गाशा गुंडाळायची वेळ आली. पण आता जायचं कुठे? उत्तर होतं इंग्लंड! १७९१ च्या कायद्यानं तिथे कॅथलिक शाळांना मुभा मिळाली होती. थॉमस वेल्ड या माजी विद्यार्थ्यानं लँकेशायरमधला आपला एक ओसाड पडलेला वाडा देऊ केला, स्टोनीहर्स्ट. होडीनं, मग जहाजानं, शेवटी रस्त्यानं प्रवास करत मंडळी २९ ऑगस्ट १७९४ रोजी तिथे पोहोचली. इंग्लिश मुलांसाठी काढलेली शाळा दोनशे एक वर्षांनी पहिल्यांदा इंग्लंडच्या मातीवर उभी राहिली!

ती आजही तिथेच आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल तिथलेच विद्यार्थी. शाळेत आता मुलीही शिकतात. सिंटॅक्स, पोएट्री, रेटरिक ही इयत्तांची नावं मात्र कायम आहेत. सेंट-ओमरच्या जुन्या जागेवरही शाळाच भरते, फ्रेंच मुलांची.

आणि ॲडमिशन? ज्या शाळेत मुलाला पाठवलं म्हणून एके काळी शंभर पौंड दंड व्हायचा, तिच्या प्रवेशाची चौकशी आता घरबसल्या ऑनलाइन करता येते. फक्त फीचा आकडा बघताना खुर्चीत नीट बसा!