दोन टोकांची ओढ सारखी नसली तर

मंचरला अकरावी-बारावीच्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर एक गणित हटकून घालतो. 10 मीटर लांबीची पोलादी सळई, छेद 1 चौरस सेंटिमीटर. एका टोकाला 600 किलोची ओढ, दुसऱ्या टोकाला उलट दिशेने 400 किलोची. सळई किती वाढेल? निम्मा वर्ग 600 धरतो. उरलेले वजाबाकी करून 200 वर येतात. दोन्ही चूक.

सळईच्या आत ताण सगळीकडे सारखा नसतो. एका टोकाला 600, मग दर मीटरला 20 किलोने उतरत दुसऱ्या टोकाला 400. प्रत्येक तुकडा त्याच्या वाट्याला आलेल्या ताणाच्या प्रमाणात वाढतो. रॉबर्ट हुकने 1678 मध्ये छापलेला नियम तो हाच. सगळ्या तुकड्यांची वाढ मिळवली की हिशेब सरासरीवर, म्हणजे 500 किलोवर येतो. पोलादाची सळई जेमतेम अडीच मिलिमीटर वाढते.

मग वजाबाकीतले 200 किलो गेले कुठे? ते सळईला पळवतात. फळ्यावरचं गणित इथे जरा बेरकी आहे. या सळईचं वजन 8 किलोसुद्धा भरत नाही. ती मोकळी असेल, तर पडत्या दगडाच्या 25 पट त्वरणाने सुटेल, प्रयोगशाळेची भिंत फोडून! म्हणजे सळई जागच्या जागी असेल, तर तो फरक कुणीतरी धरून ठेवलेला असतो.

आमच्याकडे टोमॅटोच्या वावरात तो घर्षणाने धरलेला असतो. बांबूंवरून तार न्यायची आणि एका टोकाकडून ओढायची. तार जिथे जिथे टेकते, तिथे थोडी ओढ खाल्ली जाते. ओढणाऱ्याच्या हाताशी तार कडक, पलीकडे सैल.

बोअरमध्ये तो वजनाने धरलेला असतो. लोखंडी पाइपावर मोटर सोडली, की खालच्या टोकाला फक्त मोटरचा भार. वरच्या टोकाला मोटर अधिक सगळा पाइप. निव्वळ स्वतःच्या वजनाने 100 मीटरचा पाइप सुमारे 2 मिलिमीटर वाढतो. पाइप जाड घ्या की बारीक, आकडा तोच. जाडीबरोबर वजनही वाढतं आणि ते पेलणारं पोलादही.

आणि तिसरं उदाहरण, जुन्नर तालुक्यातली खोडदची रेडिओ दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा मार सोसायला अवाढव्य सांगाडा लागला असता. म्हणून पोलादी नळ्यांच्या कमानींमध्ये तारेचे दोर ताणले आणि त्यांवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टील तारेची जाळी बांधली. वारा आरपार जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती जाळी आरशासारखी अडवते. तबकडी कलली की तिरप्या झालेल्या दोराच्या वरच्या टोकाला ओढ थोडी जास्त, खालच्या टोकाला थोडी कमी. फळ्यावरचं गणित तिथे रोज घडतं.

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांना आत जाऊन दुर्बीण बघता येते. मुलांना घेऊन जा. आकाशाबद्दल तर विचाराच, पण हे दोर कसे ताणले, तेही विचारा.