ऊसतोड, गायरान आणि घरसंसार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताडकळस असो की गंगाखेड, दिवाळीच्या आगेमागे परभणी जिल्ह्यातल्या गावांतून मजूर कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्यांत भूमिहीन दलित आणि भटक्या-विमुक्तांची घरं मोठ्या संख्येने असतात. त्यांच्याबद्दल पारावर जे बोललं जातं, ते एकदा तपासून पाहू.

गैरसमज : मुलींची लग्नं लवकर होतात ती अडाणीपणामुळे.
वस्तुस्थिती : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते. सून आली की कोयता पुरा होतो. शिवाय वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा लग्नाला मनाई करतो, मजुरीचा हा हिशेब मात्र तसाच राहतो.

गैरसमज : आईबापच पोरांची शाळा सोडवतात.
वस्तुस्थिती : तोडणी ऐन शाळेच्या दिवसांत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तर पोरं आजीजवळ गावात राहतात. उशीर झाला की तीही फडावर जातात.

गैरसमज : सरकारने जमिनी दिल्या, यांनीच कसल्या नाहीत.
वस्तुस्थिती : 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी कितीतरी जण जमीन कसतात आणि सातबारा सरकारच्याच नावावर असतो. मग पीककर्ज कोण देणार? 2004 च्या दादासाहेब गायकवाड योजनेत 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत मिळते, पण सरकारी दरात जमीन विकणारा आधी सापडावा लागतो.

गैरसमज : मदतीने माणसं आळशी होतात, घरं मोडतात.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलही हेच बोललं गेलं. अलाबामा राज्यात आईचे कुणा पुरुषाशी संबंध असल्याचं दिसलं की तिच्या मुलांची मदत बंद होई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये हा नियम मोडीत काढला. घरात पुरुष टिकू नये, अशी तजवीज नियमानेच केली होती. आपल्याकडे मात्र मदत कामाच्या रूपात देण्यासाठी महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. गावाजवळ वेळेवर काम आणि दाम मिळाले, तर उचल घेण्याची वेळ कमी घरांवर येईल.

माणसांना नावं ठेवण्याआधी नियम वाचा. आणि टोळ्या निघण्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृहाची, ग्रामसभेत रोहयोच्या कामाची मागणी लेखी नोंदवा.