दोन ओळींची माणसे

सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश मी शाळेत असल्यापासून गोष्टींच्या पुस्तकासारखा वाचत आलो. प्राचीन खंड १९३२ चा, मध्ययुगीन १९३७ चा आणि अर्वाचीन १९४६ चा. कोणतेही पान उघडावे आणि तिथे जो भेटेल त्याच्याशी बोलत बसावे. मोठ्या माणसांना कॉलमच्या कॉलम मिळालेले असतात, त्यांच्या शेजारी दोन-चार ओळींत आटोपलेली माणसे असतात. माझा जीव नेहमी या दोन ओळींच्या माणसांत गुंतला. एखाद्याचे आयुष्य दोन ओळींचे का होते? तो लहान होता म्हणून, की त्याचे कागद कोणी जपले नाहीत म्हणून? आणि ज्यांना बदनामीच्या चार ओळी मिळाल्या, त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी कोणाच्या हातात होती?

या लेखात पेशवाईच्या उतरत्या काळातल्या आणि तिच्यानंतरच्या काही माणसांकडे मला पाहायचे आहे. सगळी एकाच मुलखातली, पुणे-सातारा पट्ट्यात वावरलेली. काही गाजलेली, काही बदनाम, काही पार विसरलेली.

सुरुवात घाशीरामापासून करतो, कारण हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगमंचावर आले आणि घाशीराम कोतवाल म्हटले की ब्राह्मणांची ती झुलणारी रांग डोळ्यांसमोर येऊ लागली. नाटक थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. तेंडुलकरांनी स्वतःच त्याला अनैतिहासिक म्हटले होते. पण आपण प्रेक्षकांनी नाटक डोक्यात ठेवले आणि माणूस सोडून दिला. नाटकातली गौरी, तिच्या बदल्यात मिळालेली कोतवाली, हे सारे नाटककाराचे. कागदांत सापडतो तो घाशीराम सावळदास, औरंगाबादेकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७७ मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला आणि चौदा वर्षे त्या जागेवर राहिला.

कोतवाली म्हणजे केवळ चोर पकडणे नव्हे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. पेठापेठांतल्या चौक्या, बाजारातली वजने-मापे, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, परगावच्या माणसांवर नजर, दंड आणि त्यांचा हिशेब, हे सगळे कोतवालाकडे. वाढत्या राजधानीचा सगळा जाच एका माणसाच्या नावावर जमा होत होता. दंडाची रक्कम मात्र सरकारजमा होत होती.

ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी तीसएक जण घाशीरामाच्या बागेत शिरले. चोरीच्या आरोपावरून त्यांना धरून एका कोंदट जागेत कोंडले. मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडले तोवर वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. शहर उसळले, जमाव वाड्यावर गेला. न्यायाधीश अय्याशास्त्र्यांपर्यंत प्रकरण पोचले. शेवटी घाशीरामाची धिंड निघाली आणि त्याला तेलंगांच्या हवाली करण्यात आले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. तारीख ३१ ऑगस्ट १७९१.

त्या कोठडीतल्या मृत्यूंची जबाबदारी घाशीरामावरच आहे, ती मला हलकी करायची नाही. पण चौदा वर्षे नाना फडणीसांच्या ज्या कारभाराने त्याला ठेवला, त्याच्या दंडांचा पैसा ज्यांनी मोजून घेतला, ते त्या दिवशी नामानिराळे राहिले. जमावाच्या हाती कोतवाल गेला आणि कारभार तसाच चालू राहिला. मराठीत ‘घाशीरामी’ हा शब्द उरला, ‘नानाशाही’ हा शब्द मात्र निंदेचा झाला नाही.

नाना फडणीसांविषयी लिहायला माझ्याकडे नवे काही नाही, त्यांच्यावर ग्रंथ आहेत. एवढेच सांगतो की नाना स्वतः लिहिणारे होते. लहानपणापासून पानिपतावरून जीव वाचवून परतेपर्यंतची हकीकत त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवली. त्या धावपळीत आईशी झालेली ताटातूट त्यांनी तीत टाळलेली नाही. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात त्यांचे दप्तर राहिले आणि इतिहासकारांच्या हाती आले. १३ मार्च १८०० रोजी ते वारले तेव्हा आपली बाजू कागदावर ठेवून गेले होते. घाशीरामाची बाजू सांगणारा असा एकही कागद माझ्या वाचनात आलेला नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येतो. कसबा पेठेत तांबट आळी आहे. आजही तिथे सकाळी गेलात तर तांब्याच्या पत्र्यावर पडणारी हातोडी ऐकू येते. एका हाताने भांडे फिरत असते, दुसऱ्या हाताचा ठोका तसूभरही चुकत नाही. गंगाराम तांबट याच कारागिरांच्या जातीतला. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रे काढी. १७९० च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला.

हे वर्ष महत्त्वाचे आहे. गंगारामाला जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने घडवले, असे सरसकट सांगितले जाते. वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये. गेंड्याचे चित्र त्याच्या आधीचे. म्हणजे वेल्स यायच्या अगोदरच पुण्यात एक तांबट समोर उभे असलेले जनावर पाहून, त्याची जाड, घड्या पडलेली कातडी कागदावर उतरवत होता. पोथीतला ठरीव हत्ती किंवा भिंतीवरचा ठरीव मोर त्याने काढला नाही, समोर दिसले ते काढले. वेल्स आल्यावर मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि गंगाराम तिथे शिकला. कार्ल्याची आणि वेरूळची लेणीही त्याने चितारली. डोंगराच्या पोटात कोरलेले खांब, त्यांची उंची, उजेड कुठून येतो, हे मोजूनमापून कागदावर आणायला किती दिवस लागले असतील? तोही ज्या पिढीने लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे मानले त्या पिढीतला.

वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची चित्रे थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनमध्ये छापली. सवाई माधवराव आणि नाना यांची वेल्सने केलेली चित्रे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आपण पाहिली. गंगारामाची चित्रे मॅलेटबरोबर विलायतेला गेली आणि आज त्यांतली बरीच अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. पुण्यातल्या गेंड्याचे चित्र पाहायचे तर न्यू हेवनला जायचे. तांबट आळीत कोणाला विचाराल तर हे नाव कोणी ऐकलेले नसते. माझ्या मते आधुनिक मराठी चित्रकलेचा इतिहास मुंबईच्या जे. जे. स्कूलपासून सुरू करणे चूक आहे. तो गंगारामापासून सुरू व्हायला हवा.

त्र्यंबकजी डेंगळे हा तर बदनामीचा दुसरा मानकरी. संगमनेरकडचा, निमगाव जाळीचा हा माणूस जासूद म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी लागला आणि कारभारी झाला. २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरात, विठ्ठलाच्या देवळातून परतताना, बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले होते, म्हणून पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्र्यंबकजीला मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. खुल्या न्यायालयात खटला चालला नाही.

ठाण्याच्या पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, त्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अंमलदाराच्या पदरचा मोतद्दार घोडा खरारताना गाणे म्हणे आणि त्या गाण्यातून पळण्याचा बेत आत पोचे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटला. पुढे बाजीरावाला सिंहगड, पुरंदर, रायगड तारण द्यावे लागले आणि १३ जून १८१७ च्या तहात त्र्यंबकजीच्या खुनीपणाची कबुली द्यावी लागली. १८१८ मध्ये त्र्यंबकजी नाशिकच्या बाजूला सापडला. नंतर गंगेकाठच्या चुनारगडावर १८२९ मध्ये कैदेतच मेला. त्याचा अपराध होता की नव्हता, हे मी ठरवत नाही. पण ज्या मोतद्दाराने पहाऱ्यासमोर उभे राहून ते गाणे म्हटले, त्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने लिहिली म्हणून.

शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाण चढवणाऱ्या बाळाजीपंत नातूंविषयी इथे फार लिहीत नाही. त्यांची बदनामी त्यांनी कमावलेली आहे. ते पुढच्या गोष्टीतही येतात.

साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती रोजनिशी ठेवणारे, पाठशाळा काढणारे राजे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरकरांशी खलबत केले, कंपनीच्या शिपायांना फितवले, असे आरोप त्यांच्यावर रचले गेले. त्या कारस्थानात नातूंचा हात होता. गव्हर्नर कार्नाकने सांगितले, कबुलीवर सही करा, राज्य राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले.

त्यांची फिर्याद घेऊन जो माणूस लंडनला गेला तो रंगो बापूजी गुप्ते. रोहिडखोऱ्याच्या कारी गावचा, शिवाजी महाराजांच्या वेळच्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातला. १८४० मध्ये तो लंडनला पोचला आणि १८५३ अखेर तिथून निघाला. मधली तेरा वर्षे त्या माणसाने कशी काढली असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. धुके, कोळशाचा धूर, परकी भाषा, सातासमुद्रांपलीकडे बायकामुले. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभा भरत, तिथे हा पागोट्यातला मराठा जाई, ठराव मांडवून घेई आणि हरलेला परत येई. जॉर्ज टॉम्प्सन, जोसेफ ह्यूम असे काही इंग्रज त्याच्या बाजूने बोलले, मते मात्र विरुद्धच पडत गेली. १८४७ मध्ये काशीत प्रतापसिंह गेले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी गादीवर बसवलेले भाऊ शहाजीराजे वारले आणि डलहौसीने सातारा खालसा केला. ज्या राजासाठी आला तो राजा उरला नाही, ज्या राज्यासाठी आला ते राज्य उरले नाही. तरीही तो आणखी पाच वर्षे लंडनमध्ये राहिला. मराठी माणसाने चालवलेला एवढा लांब सनदशीर लढा त्या काळात मला दुसरा माहीत नाही.

मायदेशी परतल्यावर त्याची सनदेवरची श्रद्धा संपली होती. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्याला उठावाची जुळवाजुळव झाली, ती फुटली. रंगो बापूजी निसटला, त्याच्यावर इनाम लागले, पण तो कधीच सापडला नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारले. कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या. त्यांत त्याचा मुलगा सीताराम होता. साताऱ्याच्या चार भिंतीवर या सतरा जणांचे स्मारक आहे. मी गेलो तेव्हा मुले तिथे फोटो काढत होती, खाली सबंध शहर दिसत होते. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह आणि रंगो बापूजींवर मोठा ग्रंथ लिहिला नसता तर हे नाव साताऱ्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक झाले नसते.

शेवटी एक मुलगी. मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पेशवाईच्या ज्या पुण्याविषयी मी एवढे लिहिले, त्याच पुण्याविषयी तीही लिहिते. तालीमखान्यावरून मांग-महार गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानावर चेंडूसारखे खेळत, वाड्यांच्या पायात माणसे गाडत, हे ती सांगते. ज्या धर्माची पोथी आम्हांला पाहूही देत नाहीत तो धर्म आमचा कसा, असे देवालाच विचारते. दफ्तरांत, बखरींत, इंग्रजांच्या पत्रांत जे पुणे नाही ते या काही पानांत आहे. घाशीरामाच्या कोतवालीचा जाच सांगणाऱ्यांनी या जाचाचा उच्चार केला नव्हता. मुक्तेचा एवढा एकच निबंध उरला आणि त्या एका निबंधाच्या बळावर ती मराठी गद्याच्या इतिहासात आहे.

ही माणसे उरली ती कोणीतरी कागद जपले म्हणून. वाचकांपैकी अनेकांच्या गावच्या घरी माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील. वाटणीपत्रे, हिशेबाच्या वह्या, कोणा पणजोबांची पत्रे. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत देऊ नका. पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे मोडी वाचणारी माणसे आहेत. एकदा त्यांना दाखवा.