मायासभेचा जमाखर्च

बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये धावू लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगले, तेव्हा मुंबईची ही वाट तयारच होती. पुण्याचा मुक्काम उठवून कंपनी मुंबईला निघाली की पडदे, पेट्या, आचारी, नट असे सारे बिऱ्हाड तळेगाव, लोणावळा करत घाट उतरायचे. मोठ्या कंपन्यांचे मुक्काम मात्र शहरांत. मावळकराला रात्र-रात्र चालणारा खेळ पाहायचा तर पुण्यात मुक्काम करणे आले.

या बिऱ्हाडाचा खर्च किती वाढावा? १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोन्ही भागीदार बाहेर पडले आणि बालगंधर्व एकटे मालक उरले. नट थोर, पण मालक म्हणून हिशेबाचे वावडे. १९२० मध्ये खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. मयासुराची मायासभा रंगमंचावर उभी करायची म्हणून पैसा पाण्यासारखा ओतला गेला. भरजरी शालू, अत्तरे हा तर मंडळीचा रोजचाच थाट. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. या तोलामोलाचे वादक पगारी ठेवायचे, तर खेळ नसलेल्या दिवशीही पगार चालूच. नाट्यगृहातल्या खुर्च्या मात्र ठरलेल्या. रसिकांनी कितीही ‘वन्समोअर’ दिले तरी तिकीट एकदाच फाटते. मंडळी कर्जात बुडाली आणि ते कर्ज बालगंधर्वांनी पुढे वर्षानुवर्षे खेळ करून फेडले. मायासभेत फसगत दुर्योधनाची झाली असे आपण ऐकतो. इथे ती मालकाची झाली.

१९३२ मध्ये मराठी बोलपट आला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ साकारला, १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटातून नाटक पडद्यावर आणले. दोन्ही वाटा पुढे गेल्या नाहीत.

तिकीटविक्रीला जे पेलले नाही, ते सरकारी नभोवाणीने वेगळ्या पैशावर केले. तिला श्रोत्यांच्या परवाना शुल्काचा आणि सरकारी तिजोरीचा आधार होता. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून सीताकांत लाडांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या गतीने प्रसारित होऊ लागले. ५६ गीते, शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आता मावळातल्या कामशेतच्या घरात बसूनही संगीत नाट्य ऐकता येत होते, गाडी गाठायची धावपळ नाही. मुंबई केंद्रानेही संगीतिका केल्या. ‘बिल्हण’ची गीते पाडगावकरांची, संगीत पु. ल. देशपांड्यांचे.

हीच मंडळी, हाच वाद्यमेळ घेऊन आकाशवाणीने तिकीट लावून रोजचे नाटक चालवले असते, तर ‘द्रौपदी’सारखाच आतबट्ट्याचा व्यवहार झाला असता, असे मला वाटते. ‘गीतरामायण’ रंगमंचावर आले ते फडक्यांच्या गायनाने. त्यात नेपथ्य नव्हते, पात्रे नव्हती. पेटी, तबला आणि गळा. १९७९ मध्ये रौप्यमहोत्सवासाठी पुण्यात आठ दिवस कार्यक्रम चालला.

संगीत नाटक धंद्यात पुन्हा उभे राहिले ते निराळ्या हातांनी. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ आणणारी गोवा हिंदू असोसिएशन ही नाटक कंपनी नव्हे, सामाजिक संस्था होती. महिनाभर पोसायचे बिऱ्हाड तिच्या अंगावर नव्हते.