गच्चीवरच्या टॉवरला परवानगी कोणाची?

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा विषय निघाला की सभेत सर्वांत आधी किरणोत्सर्गाबद्दल विचारणा होते. स्लॅब एवढं वजन पेलेल का, याकडे बहुधा शेवटी लक्ष जातं. कधी कधी जातच नाही. नियम ज्या दिशेने बदलत गेले आहेत ते पाहता रहिवाशांनी आधी स्लॅबचीच चौकशी करायला हवी.

राज्याच्या नगरविकास विभागाने 2014 मध्ये अशा टॉवरसाठी नियमावली आणली, तेव्हा भर होता रहिवाशांच्या संमतीवर. इमारतीतल्या 70 टक्के लोकांचा होकार हवा आणि सर्वांत वरच्या मजल्यावर तर सगळ्यांचाच. या अटीमागे चांगलं व्यवहारज्ञान होतं. यंत्रांची घरघर आणि पावसाळ्यातली गळती अखेर वरच्या मजल्यावरच्यांच्याच वाट्याला येते.

पुढे फाइव्ह-जीची तयारी सुरू झाली. त्यासाठी अँटेना जवळजवळ लागतात आणि प्रत्येक गच्चीची फाइल पालिकेत अडकणं परवडणारं नव्हतं. केंद्राने ऑगस्ट 2022 मध्ये ‘राइट ऑफ वे’ नियम बदलले. खासगी मालमत्तेवर उपकरणं बसवायला स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची गरज उरली नाही. खासगी इमारतीवर टॉवर किंवा खांब उभारायचा असेल, तर कंपनीने काम सुरू होण्याआधी लेखी कळवायचं आणि इमारत सुरक्षित असल्याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडायचं. दूरसंचार कायदा 2023 खालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. जागामालकाने नकार दिला, पण केंद्राला सार्वजनिक हितासाठी जागा आवश्यक वाटली, तर ती मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

वेग वाढला हे चांगलंच झालं. पण पालिकेची छाननी हलकी झाल्यावर सगळा भार त्या एका प्रमाणपत्रावर येतो. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल समोर नसताना लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या आणि जनरेटर गच्चीवर चढू देणं धोक्याचं आहे. कंपनीने आणलेलं प्रमाणपत्र सोसायटीने आपल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावं. भाड्याच्या रकमेपुढे हा खर्च किरकोळ आहे.

किरणोत्सर्गाच्या भीतीला उत्तर मोजमापातूनच मिळू शकतं. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. 1800 मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला 0.92 वॉट होती. शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने टॉवरविरुद्ध ठराव केला होता. अपायाचा शास्त्रीय पुरावा नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो रद्द केला.

कराचं चित्रही पालटलं आहे. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये ठरवलं होतं. 2023 च्या कायद्यानुसार मात्र दूरसंचार जाळं हे त्या इमारतीचा भाग मानलं जात नाही, मालमत्ता करासाठीसुद्धा नाही.

उरतो करार. तो सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला गेला पाहिजे. गळती झाली तर वॉटरप्रूफिंग कोण करणार, आणखी अँटेना लावायच्या तर पुन्हा संमती लागणार का, पुनर्विकास ठरला तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने टॉवर उतरवणार, हे सगळं त्यात सहीआधीच लिहिलेलं असावं.