अपुल्लोची शिक्षिका आणि पंडिता रमाबाई
पहिल्या शतकात ख्रिस्ती मंडळी, म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय, घरोघरी जमत असे, आणि त्यामुळे घर चालवणाऱ्या स्त्रीकडे मंडळीतही आपसूकच अधिकार येई. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६व्या अध्यायात किंख्रिया बंदरातील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस आहे. बायबलमधीलच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विल्ला हे अपुल्लो या विद्वान वक्त्याला धर्ममार्ग अधिक नेमका समजावून देतात.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्कार, घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी मात्र चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास लाहोर व मुंबईच्या बिशपांनी, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांनी, हरकत घेतली. भारतात पुरुषांच्या सभा गाजवून आलेल्या विदुषीला असा मज्जाव व्हावा, हे विपरीतच होते, आणि रमाबाईंनी तो निमूटपणे मानलाही नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या स्त्री-आश्रमात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, ज्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथील स्त्रियांनीच केले. ते समग्र रूपात १९२४ साली, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.