बरणीतला गोवर

3 जून 1912 रोजी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दोन वर्षांची एक मुलगी दगावली. आधी गोवर, पाठोपाठ न्यूमोनिया. शवविच्छेदनानंतर तिची फुप्फुसे फॉर्मॅलिनमध्ये घालून संग्रहात ठेवली गेली. 2020 मध्ये त्याच फुप्फुसांतून गोवराच्या विषाणूचा जवळजवळ संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. तोवर हाती असलेला सर्वांत जुना आराखडा 1954 सालचा होता.

हा नमुना आज बर्लिनच्या वैद्यकीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्या संग्रहालयामागचा माणूस म्हणजे रुडॉल्फ विरशो. पेशी पेशीपासूनच जन्मते आणि रोगाची मुळे पेशीतच शोधावी लागतात, हे 1858 मध्ये ठामपणे मांडणारा हा विकृतिशास्त्रज्ञ. रोज एक तरी नमुना संग्रहात पडावा, असा त्याचा आग्रह असे. 1899 मध्ये, वयाच्या 77व्या वर्षी, त्याने पाच मजली संग्रहालय उघडले आणि त्यात वीस हजारांहून अधिक नमुने मांडले. एकेका रोगाचा एकच नमुना ठेवून तो थांबला नाही. रोग कसा सुरू होतो, कसा पसरतो, शेवटी अवयवाचे काय करतो, हे ओळीने दिसावे म्हणून त्याने टप्प्याटप्प्यांचे नमुने जमवले. शिवाय इमारतीचा काही भाग सर्वसामान्यांसाठी खुला ठेवला. क्षयाने पोखरलेले फुप्फुस कामगाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा विचार त्या काळात धाडसाचाच होता.

अवयव बरणीत टिकवणे हे वाटते तितके सोपे नाही. 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम याने फॉर्मॅलिनचा हा गुण दाखवून दिला. त्याआधी मुख्यतः मद्यार्क वापरला जाई. फॉर्मॅलिनने ऊती टणक होतात, कुजत नाहीत. पण त्यांचा रंग उडतो आणि लालसर तपकिरी यकृत राखाडी दिसू लागते. त्यावर उपाय काढला विरशोच्याच संस्थेतल्या कार्ल कैसरलिंग याने. क्षार मिसळलेल्या फॉर्मॅलिनमधून नमुना काढायचा, मद्यार्कात बुडवून रंग परत आणायचा आणि मग ग्लिसरिनच्या द्रावणात कायमचा ठेवायचा. आपल्याकडे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात बरण्यांसमोर उभे राहून ‘स्पॉटिंग’ची, म्हणजे नमुना पाहून ओळखण्याच्या परीक्षेची, तयारी केलेल्या डॉक्टरांना कैसरलिंगचे नाव ओळखीचे असेल. पुढची राखण मात्र कधीच संपत नाही. झाकणाचे सील सैल होते, द्रव उडतो, पिवळा पडतो. जुन्या फॉर्मॅलिनमध्ये आम्ल तयार होऊन हाडांतला चुना विरघळतो. कुणीतरी दर काही वर्षांनी बरणी उघडून हे सगळे निस्तरावेच लागते.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी विरशोचा हा सारा खटाटोप जवळजवळ धुळीला मिळवला. वीस हजारांवरच्या संग्रहातून जेमतेम दोन हजार नमुने उरले. त्याच्या व्याख्यानगृहाचे छप्पर गेले. ते भग्न दालन आजही जपून ठेवले आहे. संग्रह पुन्हा उभा राहिला आणि 1998 पासून ही वास्तू वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या अशा नमुन्यातून गोवराचा विषाणू वाचणे अशक्य आहे, असे बराच काळ मानले जाई. गोवराच्या विषाणूचा वारसा आरएनएमध्ये असतो आणि आरएनए डीएनएपेक्षा कितीतरी लवकर तुटते. त्यात फॉर्मॅलिन प्रथिने आणि जनुकीय रेणू यांना एकमेकांशी जखडून टाकते. बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेतील आरियान ड्यूक्स आणि सेबास्तियाँ काल्विन्याक-स्पेन्सर यांच्या गटाने त्या मुलीच्या फुप्फुसाचा 200 मिलिग्रॅमचा कण घेतला आणि उष्णता देऊन ही बंधने सोडवली. हाती आलेल्या बारीक तुकड्यांची जुळणी संगणकावर केली. ज्या फॉर्मॅलिनमुळे वाचणे कठीण झाले होते, त्यानेच ते तुकडे शंभर वर्षे धरूनही ठेवले होते. मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

1912 चा आराखडा नंतरच्या आराखड्यांशी ताडून पाहिल्यावर विषाणू कोणत्या वेगाने बदलतो याचा अंदाज सुधारला. गोवराचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे गुराढोरांना होणारी बुळकांडी. ती 2011 मध्ये जगातून हद्दपार झाली. गोवर अजून आहे, 2022 मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. गोवर आणि बुळकांडी यांचे विषाणू साधारण हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत, असे आधीचे अभ्यास सांगत होते. नव्या गणिताने ही ताटातूट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे जाऊ शकते असे दाखवले. एकदा गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही, म्हणून टिकून राहण्यासाठी त्याला सतत नवी मुले लागतात; त्यासाठी काही लाखांची वस्ती हवी. एवढी मोठी शहरे साधारण त्याच सुमारास उभी राहू लागली होती. शहरांनीच गोवर घडवला हे यातून सिद्ध होत नाही, पण काळ जुळतो.

याच गटाने पुढे 1900 ते 1931 या काळातली तेरा फुप्फुसे तपासली. त्यांतल्या तीन फुप्फुसांमध्ये 1918 च्या इन्फ्लुएन्झाचा आरएनए सापडला. त्यातली दोन जून 1918 मध्ये बर्लिनला मरण पावलेल्या तरुण सैनिकांची होती, म्हणजे साथीच्या पहिल्या, सौम्य मानल्या गेलेल्या लाटेतली. त्या लाटेतले नमुने फारच दुर्मीळ आहेत. बर्लिनबाहेरही असे घडले आहे. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात 1849 मध्ये पटकीने मेलेल्या माणसाच्या आतड्याचा तुकडा मद्यार्कात ठेवलेला आहे. त्यातून पटकीच्या जंतूचा जनुकीय आराखडा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट कॉखने हा जंतू वेगळा काढला 1884 मध्ये. बरणी त्याहून 35 वर्षे जुनी.

या नमुन्यांबद्दल कृतज्ञता वाटते तशी अस्वस्थताही वाटते. हे तुकडे जमा झाले तेव्हा संमतीचा आजच्यासारखा विचार नव्हता, आणि गरीब रुग्णांचे शरीर डॉक्टरांच्या स्वाधीन असल्यासारखेच धरले जाई. वसाहतींमध्ये तर उघड जबरदस्ती झाली. नामिबियातील हेरेरो आणि नामा लोकांच्या कवट्या वंशसंशोधनाच्या नावाखाली बर्लिनला नेल्या गेल्या होत्या. त्यातल्या वीस शारिटेने 2011 मध्ये परत केल्या. उशिरा का होईना, ते करणे भागच होते. गोवराने गेलेल्या त्या मुलीच्या बाबतीत मात्र परत करण्याजोगे कोणी हक्कदार समोर नाही, आणि तिच्या फुप्फुसांतून मिळालेले ज्ञान साऱ्या मुलांच्या उपयोगाचे आहे. तरीही नमुना कापताना ती एक मूल होती, हे संशोधकाच्या मनातून जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट नोंदीची. वय, मृत्यूची तारीख, निदान हे बरणीसोबत टिकले नसते, तर त्या 200 मिलिग्रॅमचा आराखडा कालगणनेच्या काहीच कामाचा नव्हता. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही अशा बरण्या आहेत. जागा कमी पडते, विभाग नव्या इमारतीत हलतात, आणि जुने सामान निकालात निघते. त्या वेळी बरण्यांच्या आधी त्यांची नोंदवही शोधावी, तिची छायाचित्रे काढावीत, आणि प्रत्येक बरणीवरचा क्रमांक त्या वहीशी ताडून पाहावा. हे काम विभागातले दोन विद्यार्थी एका सुट्टीत सुरू करू शकतात.